विशेष गरजा असलेल्या मुलाला घरी शिकवताना: कुठून सुरू करायचं आणि कोणत्या क्रमानं

घरी शिकवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात टेबल-खुर्ची येते, रंगीत पुस्तकं येतात आणि भिंतीवर तासातासाचं वेळापत्रक लागतं. तिसऱ्या आठवड्यात मूल टेबल दिसलं तरी पळायला लागतं. मग आईबाबा म्हणतात, ‘आमचं मूल बसतच नाही.’ मेहनत भरपूर झालेली असते, पण क्रम उलटा लागलेला असतो.

हा लेख साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ऑटिझम, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता किंवा एकूण विकासाचा वेग कमी असणं, यांतलं निदान कोणतंही असो, खालचा क्रम बहुतेक तोच राहतो. सेरेब्रल पाल्सी असेल तर मुलाला कसं बसवायचं आणि कसं धरायचं हे आधी फिजिओथेरपिस्टकडून हातानं शिकून घ्या, ते वाचून जमत नाही.

## १. आधी कान, डोळे, झोप आणि पोट

‘हाक मारली की वळतो, म्हणजे ऐकू येतं’ असं धरून चालू नका. मधल्या कानात द्रव साचला की ऐकू येणं आज कमी, उद्या बरं असं होत राहतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांत हे फार आढळतं. घरच्यांना मात्र तो ‘ऐकत नाही’ असा दिसतो. ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या. डोळ्यांचंही तसंच. मूल बोलत नसलं, अक्षरं ओळखत नसलं तरी त्याला काहीही न विचारता चष्म्याचा नंबर काढता येतो, त्यामुळे ‘मोठा झाला की बघू’ म्हणून थांबायचं कारण नाही.

झोपेचा हिशेब करा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. त्यात मोठी तूट असेल किंवा मूल रोज घोरत असेल, तर आधी तो प्रश्न डॉक्टरांकडे न्या. बद्धकोष्ठतेचीही चौकशी करा. पोट दुखतंय हे सांगता न येणारं मूल ते चावून, ढकलून किंवा डोकं आपटून सांगतं.

शाळेतून नाव काढायचा विचार असेल तर तुमच्या ठिकाणचे घरी शिकवण्याचे आणि पुढच्या परीक्षांचे नियम आधी पाहा. निदानाचे आणि चाचण्यांचे सगळे कागद एका फायलीत लावा. पुढे दर ठिकाणी तेच मागतात.

सावध: मूल खेळता खेळता काही सेकंद शून्यात बघतं आणि तेवढा वेळ हात लावला तरी भानावर येत नाही, असं वारंवार होत असेल तर मोबाइलवर चित्रण करून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. येत असलेले शब्द किंवा येत असलेली कामं मूल विसरू लागलं असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

## २. पहिला आठवडा फक्त बघायचं

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलानं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. दिवसातून चार-पाच नोंदी पुरतात, पण त्या डोळ्यांनी दिसलेल्याच लिहा. ‘चिडचिड केली’ ही नोंद कामाची नाही. ‘मिक्सर सुरू झाला, कान झाकून ओरडली, मी उचलून बाहेर नेलं’ ही कामाची. आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की ‘उगाच रडते’ म्हणून सोडून दिलेल्या रडण्यातली निम्मी कारणं सापडतात.

याच आठवड्यात आवडीची यादी करा. आपल्या मनातली नको, मुलाच्या हातातली. दोन वस्तू समोर धरा, कोणती उचलतं ते पाहा, मग जोडी बदला. आईबाबांनी सांगितलेलं ‘सगळ्यात आवडतं खेळणं’ आणि मूल खरोखर उचलतं ती वस्तू (बाटलीचं झाकण, फडफडणारा कागद, दोरीचा तुकडा) यांत पुष्कळदा काही नातं नसतं. पुढच्या सगळ्या टप्प्यांचं इंधन ही यादी आहे.

तिसरी नोंद कामांची. कपडे, खाणं, हात धुणं, खेळ आवरणं यांतलं कोणतं काम मूल एकटं करतं, कोणतं हात धरला तर करतं आणि कोणतं अजिबात करत नाही. शिकवायला सुरुवात मधल्या गटापासून करायची.

## ३. ध्येयं तीनच

एक संवादाचं, एक स्वतःच्या कामाचं, एक खेळाचं किंवा बैठ्या कामाचं. चौथं पुढच्या महिन्यात.

ध्येय असं लिहा की शेजारच्या माणसालाही ते पूर्ण झालं की नाही हे बघून सांगता यावं. ‘रंग शिकवणे’ यातून काहीच कळत नाही. ‘लाल आणि पिवळे ठोकळे समोर ठेवले की मदतीशिवाय दोन डब्यांत वेगळे करेल, ५ पैकी ४ वेळा, सलग ३ दिवस’ हे ध्येय झालं.

मुळाक्षरं आणि अंक पहिल्या तिघांत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मुलं अक्षरं आपसूक, चटकन उचलतात, त्याचं कौतुकही होतं, आणि तेच मूल तहान लागली की अजून नळाशी उभं राहून रडत असतं. मागता येणं आधी.

## ४. जागा आणि दिवसाची मांडणी

खुर्चीत बसल्यावर मुलाचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. नसतील टेकत तर खाली पाट किंवा घट्ट बांधलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा. टेबलाची उंची कोपराच्या रेषेत असावी. पाय लोंबकळत असताना मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि आपण म्हणतो ‘चुळबुळ करतो’. तोंड भिंतीकडे, खेळण्यांचं कपाट बंद किंवा चादरीनं झाकलेलं.

टेबलावरचं काम सुरुवातीला २-३ मिनिटांचं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. मूल कंटाळण्याच्या आधी, चांगलं चाललेलं असतानाच थांबवायचं. बाकीचं शिकणं कपडे घालताना, खाताना, आवरताना होतं आणि खरं तर तेच जास्त असतं.

दिवसाचा क्रम मुलाला दिसला पाहिजे. यासाठी चित्रकार्डांवर उडी मारू नका. क्रम असा आहे: खरी वस्तू, मग त्याच वस्तूचा फोटो, मग रेखाचित्र, मग लिहिलेला शब्द. फोटो म्हणजे ती वस्तू हे ज्या मुलाला अजून उमगलेलं नाही, त्याच्या हातात आंघोळीआधी पाण्याचा मग द्या आणि बाहेर जाण्याआधी चप्पल. फोटो कळत असतील तर ‘आधी – मग’ अशी दोनच घरांची पट्टी करा: आधी ठोकळे, मग झोका. काम झालं की त्याचं कार्ड मुलानं स्वतः ‘झालं’ डब्यात टाकायचं.

इथे एक सांगतो. कार्डं छापणं, कापणं, लॅमिनेट करणं यात आईबाबांचे महिने जातात. भिंत सुंदर दिसते, मूल तिच्याकडे बघतही नाही. दोन कार्डं करा, ती वापरात आली की तिसरं.

तपासा: ‘आधी’ चं काम झाल्यावर ‘मग’ ची गोष्ट तुम्ही दर वेळी, लगेच दिली का? ‘अजून एकदा कर, मग देते’ असं एकदा जरी केलंत तरी त्या पट्टीवरचा मुलाचा विश्वास उडतो.

## ५. मागायला शिकवणं

मूल बोलत नसेल किंवा तोंडात दोन-चारच शब्द असतील, तर हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. चित्र देऊन मागायला शिकवण्याची पेक्स नावाची पद्धत १९८५ पासून वापरात आहे. तिची पहिली पायरी घरी बहुतेक वेळा चुकते, कारण ती एकटा माणूस करायला जातो. सुरुवातीला मोठी माणसं दोन लागतात.

एकानं मुलाच्या समोर बसायचं, हातात मुलाची त्या क्षणी खरोखर हवी असलेली वस्तू. मध्ये एकच कार्ड, त्या वस्तूचं. दुसऱ्यानं मुलाच्या मागे बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. मूल वस्तूकडे हात नेतं. तेवढ्यात मागच्यानं तोच हात हलकेच कार्डाकडे वळवून उचलायला आणि समोरच्याच्या उघड्या तळहातावर ठेवायला मदत करायची. कार्ड हातात पडताक्षणी समोरच्यानं वस्तूचं नाव घ्यायचं, ‘फुगा!’, आणि वस्तू लगेच द्यायची. पुढच्या खेपांना मागच्याची मदत शेवटाकडून कमी होत जाते: आधी तळहातावर ठेवताना हात सोडायचा, मग उचलताना.

नेहमीच्या चुका अशा:

- समोरचा सारखा विचारतो, ‘काय हवं? कार्ड दे. दे ना.’ मग मूल विचारल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही हेच शिकतं. गप्प राहा.
- पहिल्याच दिवशी सहा कार्डं समोर ठेवतात. चित्रांतला फरक ओळखणं ही नंतरची पायरी आहे.
- कार्ड दिल्यावर ‘आता तोंडानं म्हण’ अशी अट घालतात. मुलानं आपलं काम केलंय, त्याला वस्तू मिळालीच पाहिजे.
- कार्डं उंच कपाटात राहतात. मुलाच्या हाताला लागतील अशीच ठेवा, दिवसभर.

‘कार्डाची सवय लागली तर बोलणं मागे पडेल’ ही भीती प्रत्येक घरात निघते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात अशा साधनांमुळे कुणाचंही बोलणं कमी झाल्याचं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. खुणा, कार्ड, बोलणारं अ‍ॅप यांतलं काय निवडायचं ते स्पीच थेरपिस्टशी बोलून ठरवा, पण ठरेपर्यंत मुलाला मागण्याचं साधनच नाही असं ठेवू नका.

## ६. एक काम तोडून शिकवणं

‘पँट घाल’ हे आपल्याला एक काम वाटतं. बसून स्वतः सावकाश घालून पाहा आणि प्रत्येक हालचाल लिहा:

१. पुढची बाजू ओळखून पँट समोर धरणं
२. बसून कमरेची पट्टी दोन्ही हातांनी पकडणं
३. एक पाय घालून बाहेर काढणं
४. दुसरा पाय घालून बाहेर काढणं
५. गुडघ्यापर्यंत ओढणं
६. उभं राहणं
७. मांड्यांवरून वर ओढणं
८. कमरेपर्यंत नेणं

आता शिकवायला सुरुवात आठव्या पायरीपासून. पहिल्या सात तुम्ही करा, शेवटचं ओढणं मुलानं. ते जमलं की सात आणि आठ मुलाचे, आणि असं मागे मागे या. फायदा असा, की प्रत्येक वेळी काम पुरं करणारं मूल असतं आणि शाबासकी बरोबर कामाच्या शेवटी पडते. पुढून सुरुवात केली तर मूल पहिल्या पायरीत अडकतं, आपण घाईत बाकीचं उरकून टाकतो, आणि शाबासकी मिळते ती आपण घातलेल्या पँटीला.

शिकवताना इलॅस्टिकची, एक माप मोठी पँट घ्या. आठव्या पायरीला पँट हमखास मागून अडकते, कारण मूल दोन्ही हात पुढेच ठेवून ओढतं. एक हात पुढे, एक मागे ठेवायला लावा आणि अंगठे पट्टीच्या आत घाला. तुम्ही मुलाच्या मागे उभं राहा. समोर बसलात की ते पँट सोडून तुमच्या तोंडाकडे बघतं.

हे काम दिवसातून जेव्हा खरोखर पँट घालायची असते तेव्हाच करा. दुपारी उगाच सहा वेळा काढघाल केली तर मुलाला त्यात अर्थ दिसत नाही. एरवीपेक्षा दहा मिनिटं आधी सुरू करा, म्हणजे झालं.

सावध: घरात एक माणूस शिकवतो आणि दुसरा प्रेमानं सगळं करून देतो. ‘लहान आहे अजून, मी घालते’ म्हणणारी आजी असतेच. आजीला विरोध करू नका, तिला पायऱ्यांचा कागद द्या आणि सांगा, ‘सातपर्यंत तुमचं, आठवी तिची.’

## ७. मदत कशी काढून घ्यायची

घरच्या शिकवण्यात सगळ्यात जास्त गडबड इथे होते. मदत सगळे देतात, ती काढायची योजना मात्र कुणाकडे नसते. वर्षानंतरही मूल हात धरल्याशिवाय ब्रश करत नाही आणि आपण म्हणतो त्याला येत नाही.

मदतीची उतरंड अशी: हाताला हात लावून पूर्ण मदत, मनगटाला किंवा कोपराला नुसता स्पर्श, करून दाखवणं, बोटानं दाखवणं, आणि शेवटी काहीच नाही. नवं काम असेल तर वरून सुरुवात करून खाली या. अर्धवट येणारं काम असेल तर खालून सुरू करा आणि गरज पडली तरच वर चढा.

तोंडी सूचना मी या उतरंडीत मुद्दाम ठेवलेली नाही. हात काढून घेता येतो, बोट मागे घेता येतं, पण ‘धर, ओढ, अजून वर, हां, आता मागे’ ही धावती कॉमेंटरी एकदा लागली की सुटता सुटत नाही. मूल पुढच्या शब्दाची वाट बघत थांबतं. सुरुवातीला एकदाच ‘पँट घाल’ म्हणा आणि मग तोंड बंद.

पायरी बदलायचा साधा नियम: एका पातळीवर सलग दोन दिवस ५ पैकी ४ वेळा जमलं की मदत एक पायरी कमी. सलग दोन वेळा चुकलं की एक पायरी परत वर. प्रत्येक वेळी मदतीआधी मनात सावकाश पाच ते दहा अंक मोजा. ही शांतता मोठ्यांना फार जड जाते. मूल तीन मोजेपर्यंत विचारच करत असतं आणि आपला हात दोनला पुढे गेलेला असतो.

चूक झाली तर ‘नाही, चुकलं’ म्हणून तिथूनच रेटू नका. आधीच्या पायरीवर परत या आणि या वेळी चूक व्हायच्या आत मदत द्या. तीच चूक पुन्हा पुन्हा झाली की मूल ती पायरीचाच भाग समजतं.

हात धरलेला काही मुलांना अजिबात चालत नाही. तिथे जबरदस्ती नको. तुमचा हात खाली, मुलाचा वर, असं ठेवून काम करा. त्याला वाटलं तर हात काढता यायला हवा.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. ते लगेच द्या, छोटं द्या, आवडीच्या यादीतलं द्या आणि एरवी दिवसभर ते मोकळं पडलेलं नसावं. शाबासकीत कामाचं नाव घ्या, ‘पँट वर ओढलीस!’, नुसतं ‘गुड’ नको. मोबाइल बक्षीस म्हणून शक्यतो टाळा. देणं सोपं आहे, पण परत घेताना जे होतं त्यात पुढची वीस मिनिटं जातात.

## ८. नोंद ठेवा, पण कमी

प्रत्येक ध्येयासाठी दिवसाला पाच चौकोन. एकट्यानं केलं तर ‘ए’, खूण लागली तर ‘खु’, हात लागला तर ‘हा’. एवढंच. लांबलचक तक्ते आठ दिवसांत बंद पडतात.

रविवारी वही उघडा. आठवडाभर काहीच हललं नसेल तर या क्रमानं तपासा: पायरी फार मोठी आहे का? बक्षीस शिळं झालं का? वेळ चुकीची आहे का, भुकेची किंवा झोपेची? मदत काढायची राहून गेली का? यातली एकच गोष्ट बदला आणि आठवडा थांबा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणारच नाही.

## ९. रडणं, ओरडणं, फेकणं

दुसऱ्या टप्प्यातली वही इथे काढा. बहुतेक वेळा वागण्यामागे चारपैकी एक कारण निघतं: काहीतरी हवंय, काहीतरी टाळायचंय, कुणीतरी बघायला हवंय, किंवा अंगाला एखादी संवेदना हवी किंवा नकोशी झालीय. उपाय कारणाप्रमाणे बदलतो. काम टाळण्यासाठी टेबल ढकलणाऱ्या मुलाला ‘थांबायचंय’ असं एक कार्ड द्या आणि दिलं की खरोखर दोन मिनिटं सोडा. टेबल ढकलण्यापेक्षा कार्ड देणं स्वस्त पडतं हे मुलाला लवकर कळतं.

ओरडून वस्तू मिळवायची सवय मोडताना पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. ते अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवशी हरून वस्तू दिलीत तर मूल शिकतं की इतकं ओरडावं लागतं. म्हणून घरातले सगळे तयार असतील तेव्हाच सुरुवात करा. पाहुणे येणार असतील त्या आठवड्यात नको.

आवाज, उजेड किंवा गर्दी सहन न होऊन मूल कोसळलं असेल तर तो हट्ट नसतो. त्या वेळी शिकवणं, समजावणं, प्रश्न विचारणं सगळं बंद. उजेड कमी करा, बोलणं जवळजवळ थांबवा, आसपासच्या लागतील अशा वस्तू बाजूला घ्या आणि जवळ थांबा.

सावध: डोकं आपटणं, स्वतःला चावणं, अखाद्य वस्तू गिळणं किंवा घरातून निघून जाणं असेल तर ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला लागू होत नाही. तज्ज्ञ गाठा. पळणाऱ्या मुलाच्या घरी दाराला वरची कडी हवी आणि पाण्याची टाकी, पिंप, बादली झाकलेली किंवा रिकामी.

## १०. दुसरी जागा, दुसरा माणूस, दुसरी वस्तू

आईसोबत, निळ्या चटईवर, लाल ठोकळ्यांनी जमणारं काम बाबांसोबत स्वयंपाकघरात जमत नाही, ही या मुलांची नेहमीची अडचण आहे. ती नाटकं करत नाहीत. ध्येय पुरं झालं असं म्हणण्याआधी दोन जागी, दोन माणसांसोबत आणि दोन वेगळ्या वस्तूंनी करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

यात इतर मुलंही आली. आठवड्यातून एक-दोनदा, एखाद्याच ओळखीच्या मुलासोबत, ठरलेला खेळ, पंधरा मिनिटं. मोठ्या वाढदिवसाच्या गर्दीत नेऊन ‘मिसळायला’ सोडणं याला पर्याय होत नाही.

थेरपिस्टकडे जाताना ही वही आणि घरातल्या कामाचं दोन मिनिटांचं चित्रण घेऊन जा. ‘कसं चाललंय?’ ला ‘बरं आहे’ म्हणण्यापेक्षा ‘सातव्या पायरीला अडलंय, हा बघा’ म्हटलं की तिथला वेळ कामाला येतो. आणि तिथून निघताना एकच प्रश्न विचारा: पुढच्या भेटीपर्यंत घरी नेमकं काय करू, दिवसातून किती वेळा, आणि कोणती मदत आता बंद करू.